एक जानेवारीचा चातुर्मास

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," हे लॅपटॉपसमोर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "सदर यंत्र बंद पडलेले आहे!"

घरात प्रवासी म्हणावी अशी मी एकटीच. देवघराच्या उंबऱ्याशी बसून तुपातल्या फुलवाती करत होते. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मी बोलत नव्हते.

भांडण झालं होतं म्हणून नव्हे. चातुर्मास होता. त्या वर्षी मी नेम धरला होता, की सकाळची आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवून माझं जेवण होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. फारच नड आली तर पाटीवर लिहायचं. तशीही मी हळू बोलणारी. आणि ह्यांनी तीस वर्षं वडूजच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारलेल्या. निवृत्त झाल्यावर माईक स्टँडवर राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. दोघांपैकी एकाने गप्प बसणं शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही बरंच होतं.

त्या सकाळी काशीची तिकिटं काढायची होती. एस.टी. जाते तिथली सगळी देवळं आमची पाहून झाली होती. काशीला एस.टी. जात नाही, म्हणून काशी राहिली होती. कार्तिकी पौर्णिमेला गंगेच्या घाटावर दिवे लावायचे, असं ह्यांनी मला लग्नाच्या पाचव्या वर्षी कबूल केलं होतं. आता एकतिसावं चालू होतं. रेल्वेची तिकिटं दोन महिने आधी सकाळी आठला खुली होतात आणि बघता बघता संपतात, हे कळल्यावर ह्यांनी झेरॉक्सवाल्या काळोख्यांकडून खातं उघडून घेतलं, पासवर्ड कागदावर लिहून घेतला. आठ वाजता काळोखेच तिकिटं काढून देणार होते. पण सव्वासहाला हे त्यांच्या दुकानाशी जाऊन आले तर शटरला कुलूप आणि वर चिठ्ठी: 'मावशीच्या तेराव्याला गेलो आहे.'

म्हणून हे लॅपटॉपकडे वळले. ह्यांनी त्याला हात लावायची ती पहिली वेळ.

लॅपटॉप आमच्या तुषारचा. एकुलता एक मुलगा. ह्यांनी चार साहेबांचे उंबरे झिजवून त्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चिकटवलं होतं. दोन वर्षं त्याने ब्रेक घट्ट केले आणि एके दिवशी राजीनामा देऊन कोरेगावला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या संध्याकाळी हे त्याला जे बोलले ते तहसील कचेरीपर्यंत ऐकू गेलं. "पर्मनंट नोकरी सोडणारा माझा कोणी नाही!" तोही ह्यांच्याच रक्ताचा. "ठीक आहे, नाही तर नाही," म्हणाला आणि बॅग उचलली. जाताना जुना लॅपटॉप तेवढा मला ठेवून गेला. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, त्यावर पोथीची अक्षरं मोठी करता येत.

त्याला दोन वर्षं आठ महिने झाले होते. बाप-लेकात एक शब्द नाही. तुषार मला दुपारी फोन करायचा. त्या गणपतीत आला तो हे बाजारात गेलेले बघून, आणि दारातूनच मोदकांचा डबा घेऊन गेला. मी देवापुढे एकच मागत होते, आणि ती काशी नव्हती.

"बीप करतंय," हे म्हणाले. "काळा पडदा आलाय आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. वाचतो. 'टाइम अँड डेट नॉट सेट. सीमॉस बॅटरी लो. प्रेस एफ-वन टू कंटिन्यू.' शालन, बॅटरी लो म्हणतंय. मी तर चार्जर लावलाय!"

मी वाती करत राहिले.

त्यांनी चार्जर काढून पुन्हा लावला. मग दुसऱ्या बोर्डात लावला. मग मिक्सरच्या बोर्डात लावला. प्रत्येक वेळी यंत्र बीप करी आणि तेच वाक्य दाखवी. शेवटी त्यांनी एफ-वन दाबलं, तेव्हा नेहमीचा निळा पडदा आला. हे खूश झाले. नेटची काडी खोचली, काळोख्यांच्या कागदावरचा पत्ता एक एक अक्षर म्हणत टाइप केला, आणि पुन्हा उभे राहिले.

"हे पान उघडत नाही म्हणतंय. तुमचं घड्याळ चुकलंय म्हणतंय! माझं?" त्यांनी मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. ते रोज बातम्यांबरोबर लावलेलं असे. "माझं घड्याळ चुकलं असतं तर साताऱ्याची गाडी कधीच गेली नसती." मग वाकून पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. "अगं, इथे एक जानेवारी दोन हजार पाच दाखवतंय."

थोडा वेळ शांतता झाली. ह्यांच्या बाबतीत ती वाईट खूण. काहीतरी सुचतंय असा तिचा अर्थ.

"शालन, या यंत्राप्रमाणे आज एक जानेवारी आहे. एक जानेवारीला चातुर्मास नसतो. तू बोलू शकतेस."

मी मान हलवली.

"तू रोज पोथी वाचायला लावतेस, तेव्हाही हे असंच करतं का?"

मी पुढची वात घेतली. ती तुपात चांगली दोनदा बुडवली.

"नको सांगूस," हे म्हणाले. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा बीप, पुन्हा एक जानेवारी. सात वाजून बावीस मिनिटं. बोलून दाखवत नव्हते, पण काशी हातची जाते की काय या भीतीने पाय एका जागी ठरत नव्हता.

मी हात पुसले, पाटी घेतली आणि लिहिलं: 'तुषारला विचारा.'

"मेलो तरी नाही."

मी पुसून लिहिलं: 'मग काशी पुढच्या जन्मी.'

हे पाटीकडे पाहत राहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग म्हणाले, "नंबर तू लाव. बोलणार मी नाही."

मी माझ्या मोबाइलवर नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"आई? सकाळी सकाळी?" तुषारच्या तोंडात ब्रश असावा. "बोल ना. अगं, पण तुझं तर मौन असतं. मग फोन कशाला केलास?"

मी फोन ह्यांच्याकडे सरकवला. ह्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी पुन्हा तिकडे.

"आई? हॅलो? तब्येत बरी आहे ना? आई, काहीतरी वाजव तरी!"

पोराचा आवाज घाबरा झाला तसे हे खाकरले. माईकसमोर खाकरत, अगदी तसेच.

"वडूजहून एक गिऱ्हाईक बोलतोय."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग तुषार म्हणाला, "कोरेगावहून दुकानदार बोलतोय. काय तक्रार आहे गिऱ्हाइकाची?"

"यंत्र बॅटरी लो दाखवतंय. चार्जर व्यवस्थित आहे. गिऱ्हाइकाने तीन बोर्ड तपासलेत."

"गिऱ्हाइकाला सांगा, ती बॅटरी वेगळी. आत एक छोटी असते, रुपयाच्या नाण्याएवढी. लॅपटॉप बंद असतो तेव्हा तारीख-वेळ लक्षात ठेवायला."

"म्हणजे आगारातला रात्रीचा वॉचमन."

"हां, तसंच. तो वॉचमन मेलाय."

"मग आठच्या आत दुसरा कुठून आणायचा? गिऱ्हाइकाला काशीची तिकिटं काढायची आहेत. गिऱ्हाइकाच्या बायकोने सव्वीस वर्षं वाट पाहिली आहे."

"आज वॉचमन नको. तारीख आपण हाताने घालू. घड्याळ बरोबर झालं की पान उघडेल. पण..." तुषार थांबला. "पण आईला तर हे सगळं..."

माझ्या हाताशी देवघरातली घंटा होती. मी ती उचलली आणि वाजवली. चांगली वाजवली.

"अगं, आत्ता कसली आरती!" हे ओरडले. "इथे गाडी सुटायला आलीय!"

मी डोळे मिटून आणखी दोनदा वाजवली आणि खाली ठेवली. फोनमधला आवाज गप्प झाला होता. पुन्हा आला तेव्हा दुकानदार जरा खोकत होता.

"बरं. गिऱ्हाइकाने आधी लॅपटॉप बंद करून चालू करावा. बीप झालं की एफ-वन नाही दाबायचं. एफ-टू."

"एफ-टू. दाबलं. काही होत नाही. निळा पडदा आला."

"उशिरा दाबलं. पुन्हा."

"पुन्हा आला."

"बीप व्हायच्या आधीपासून दाबत राहा. गाडी थांबायच्या आधी लोक दाराशी गोळा होतात ना, तसं."

"त्यांना आम्ही दंड करायचो."

"आज करू नका."

तिसऱ्या खेपेला हे यंत्राच्या आत शिरले. "करड्या रंगाचा तक्ता आलाय," ह्यांनी जाहीर केलं. "वर तारीख, खाली वेळ. पण बाण हलत नाही."

"तिथे माऊस चालत नाही. बाणाच्या चार कळा आहेत त्यांनी वर-खाली जा. तारखेवर आलात? घाला."

"घालतो. पंधरा. बीप केलं! पंधरा घेत नाही!"

"तिथे आधी महिना आहे. नऊ घाला."

"आधी महिना? आधी महिना कोण लिहितो? तीस वर्षांत गाडीच्या एकाही वेबिलावर मी आधी महिना लिहिला नाही."

"अमेरिकेत लिहितात."

"म्हणूनच त्यांच्याकडे एस.टी. नाही. बरं, नऊ. पंधरा. मग साल. आणि वेळ? बारा तासांची की चोवीस?"

"चोवीस."

"शाब्बास!" ह्यांचा चेहरा एकदम फुलला. "हा माणूस आपल्यातला दिसतोय. सात, अडतीस. झालं. आता बाहेर पडतो."

"थांबा! कुठलं बटण दाबताय?"

"ई-एस-सी. बाहेर पडायचं लिहिलंय."

"अहो, तसं नाही. आधी..."

बीप. 'टाइम अँड डेट नॉट सेट.' एक जानेवारी.

हे खुर्चीत बसले. इतका वेळ उभेच होते. "राहू दे," म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मी वाती सोडून वर पाहिलं. "माझ्याच्याने नाही व्हायचं. सांग तुझ्या दुकानदाराला, गिऱ्हाईक थकलं."

"सात एक्केचाळीस झालेत," तुषार म्हणाला. "वेळ आहे. पुन्हा करू. आणि बाबा, उजव्या बोटाने नका दाबू. गाडीच्या दारात सापडल्यापासून ते वाकडं बसतं, दोन कळा एकदम दाबल्या जातात. डाव्या हाताने दाबा."

तोंडून निघालेला 'बाबा' काही परत घेता येत नाही. हे आपल्या उजव्या हाताचं बोट बघत बसले. ते दारात सापडलं तेव्हा तुषार सातवीत होता, आणि दवाखान्यात ह्यांच्यापेक्षा तोच जास्त रडला होता.

"हं," हे म्हणाले. "डाव्या हाताने."

त्यानंतर दुकानदारही उरला नाही आणि गिऱ्हाईकही. एफ-टू. नऊ, पंधरा, साल. सात पंचेचाळीस. "आता एफ-टेन," तुषार म्हणाला. "विचारेल, ठेवू का म्हणून. होकार द्या. एंटर."

"दिला होकार."

पान उघडलं. काळोख्यांच्या कागदावरचा पासवर्ड दोनदा चुकला, कारण ह्यांनी तो मोठ्याने म्हणत टाइप केला आणि मधेच दूधवाल्याने दाराबाहेरून "पुढे काय म्हणालात?" विचारलं. आठला तीन मिनिटं असताना आत शिरलो. आठच्या ठोक्याला गाडी खुली झाली. यादीत नावं घालायची होती.

"भालचंद्र ढवळे, एकसष्ट," हे म्हणत गेले. "शालन ढवळे, पन्नास."

मी बोटांनी तीन दाखवले.

"त्रेपन्न," त्यांनी दुरुस्त केलं. मग थांबले. पडद्यावर तिसरी रिकामी ओळ होती. आठ वाजून दोन मिनिटं. तुषार पलीकडून घाई करत होता, "बाबा, पुढे चला, जागा जातायत!"

"थांब. पूर्ण नाव सांग."

"कोणाचं?"

"तिसऱ्या प्रवाशाचं."

हे फोनवर वाकले.

"अरे, जागा जातायत म्हणतोस ना? नाव सांग!"

"बाबा," तुषार म्हणाला, "नाव तुम्हीच ठेवलंय माझं."

"ते मी टाकलं कधीच. वय सांग."

"एकोणतीस."

"सव्वीस ना?"

"गेल्या महिन्यात एकोणतीस झाली."

ह्यांनी मोजून पाहिलं असावं. दोन वर्षं आठ महिने म्हणजे किती, ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. डाव्या हाताच्या बोटाने दोन आणि नऊ दाबलं.

तिकिटं मिळाली. तिन्ही वेटिंगवर, बारा, तेरा, चौदा. "वेटिंग म्हणजे काय, गाडी येणारच असते," असं म्हणून हे शर्ट घालून स्टँडवर सांगायला गेले.

दुपारी दोन वाजता नेहमीप्रमाणे तुषारचा फोन आला. माझं जेवण झालं होतं.

"आई," तो म्हणाला, "नागपंचमीपासून ती बॅटरी मेलीय. महिनाभर तू रोज एफ-टू दाबून तारीख घालतेस. आज काय झालं होतं?"

"हात तुपाचे होते रे."

"पाऊण तास?"

"वाती बऱ्याच होत्या."

तो हसला तसा मी त्याला खूप दिवसांत ऐकला नव्हता. "बरं, एक वेळ हात तुपाचे. पाटीवर तरी लिहायचं! 'सरका, मी करते.' तीन शब्द. पण तू तर घंटा वाजवलीस."

"देवाची आठवण झाली," मी म्हटलं.

ते खरं होतं. पण सगळं नव्हतं. उरलेलं मी त्यालाही सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी इथे लिहिते. त्या पहाटे पाच वाजता, आंघोळ करून मी स्वयंपाकघरात आले तर मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालून बसलेलं. "अगं बाई, मेले, हट्!" असं मी चांगलं मोठ्याने ओरडले होते. हे तेव्हा फिरायला गेले होते. नेम मोडला की त्या दिवसाचं मौन सरतं. तो दिवस चातुर्मासाच्या शेवटी एक वाढवून भरून द्यायचा असतो. म्हणजे त्या सकाळी माझे हातही मोकळे होते आणि तोंडही. मी उठून दोन मिनिटांत तारीख घातली असती, तिकिटं काढली असती, आणि काशीला आम्ही दोघंच गेलो असतो.

शब्दही न बोलता खोटं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. कार्तिकात मी मौनाचे दोन दिवस जास्तीचे केले. एक मांजराचा, एक माझा.

पुढच्या रविवारी तुषार आला. दारातून नाही, आत आला. दोन वर्षं आठ महिन्यांत खुर्च्यांच्या जागा बदलल्या होत्या, तो एकदा चुकीच्या बाजूला वळला. ह्यांनी सकाळपासून तीनदा स्टँडच्या बाजूला चक्कर मारली होती. तो दिसताच मात्र वर्तमानपत्रात डोकं घालून "आलास का" एवढंच म्हणाले. चहा झाला. तुषारने टेबलावर जुना टॉवेल पसरला, त्यावर लॅपटॉप उलटा ठेवला आणि बारीक स्क्रू एकेक काढून बशीत ठेवू लागला. हे चष्मा लावून शेजारी वाकले.

"हा तो वॉचमन?"

"हा. आणि हा नवा." तुषारने खिशातून पुडी काढली. बटणासारखी चपटी, चकचकीत गोष्ट. हे ती तळहातावर घेऊन उलटीपालटी करत राहिले.

"ही बसवली की परत बंद नाही पडायची?"

"पाच-सात वर्षं तरी नाही."

"म्हणजे पाच-सात वर्षं तारीख घालायला नको."

"नको."

ह्यांनी ती बॅटरी आपल्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला. "मग राहू दे. लाव ते स्क्रू परत."

"बाबा, अहो, रोज सकाळी तारीख घालावी लागेल."

"मग? मी काय ड्यूटीला चाललोय? सात वाजता फोन करीन. तू सांगायचं, मी घालीन."

"तारीख काय सांगायचीय? भिंतीवर कॅलेंडर आहे की!"

"कॅलेंडरला फोन लागतो का?" हे इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

तुषारने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून बशीतला एक स्क्रू उचलला. साडेदहा वाजले होते, नैवेद्य अजून व्हायचा होता. मी पदर तोंडाला लावला आणि गप्प बसले. त्या दिवशी मौन खरंच होतं.